फोल्डिंग सायकलची कटकट: आवळली की चार दिवस गप्प, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू

ज्यांच्याकडे फोल्डिंग सायकल आहे त्यांना हा आवाज समजावून सांगायला नको. जरा चढ आला, पायावर जोर दिला की खालून कुठूनतरी कट्... कट्... कट्, आणि सिग्नलवरून निघताना तर एकदाच असा कडाडून येतो की शेजारचा स्कूटरवाला आधी स्वतःच्या गाडीकडे बघतो आणि मग आपल्याकडे. मग आपण काय करतो, घरी येऊन मधल्या बिजागरीचा लिव्हर थोडा टाइट करतो, दुसऱ्या दिवशी एकदम शांत, वा, झालं काम. चार दिवस जातात आणि पुन्हा कट्. पुन्हा टाइट. मी हे जवळजवळ तीन महिने केलं, शेवटी शेवटी तो लिव्हर इतका घट्ट झाला होता की हाताने बंदच होईना, गुडघा लावून ढकलायचे मी, आणि आवाज आपला होताच. मेकॅनिककडे नेली तर त्यानेही पाना घेतला, अर्धा आटा आवळला, म्हणाला आता नाही येणार बघा. आला की.

तर मुद्द्याचं आधीच सांगते. आवळल्यावर आवाज थांबतो म्हणजे जॉइंट ढिला होता असं नाही. माझ्या सायकलीत मधली बिजागरी ढिली नव्हतीच, ती घाण होती आणि कोरडी होती, आणि वर खरा मोठा आवाज तर तिचा नव्हताच. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, त्यातला प्रकार.

हा आवाज होतो कसा ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून बसलेत, वरून जोर आला की ते लगेच सरकत नाहीत, चिकटून राहतात, जोर आणखी वाढला की एकदम सुटतात, केसभर सरकतात आणि पुन्हा चिकटतात. ते जे एकदम सुटणं आहे तोच कट्. आवळलं की दाब वाढतो, मग रोजच्या जोराने ते सुटत नाहीत, म्हणून चार दिवस गप्प. पण मधली धूळ तिथंच असते, ती दळली जाते, अॅल्युमिनियमची काळी पेस्ट तयार होते (उघडून बोट फिरवा, काळं होईल), आणि आता जास्त दाबाखाली तोच खेळ पुन्हा सुरू. आपण परत आवळतो. यात बिघडत काय जातं तर खटका, त्याचा बोल्ट आणि बिजागरीची कड.

साध्या सायकलीला हा त्रास कमी का, तर तिची फ्रेम वेल्डिंगने कायमची जोडलेली त्रिकोणी असते, आपली म्हणजे एक जाड नळी, ती मधे कापून बिजागरी लावलेली, वर हँडलपोस्ट, म्हणजे हँडल धरणारी उभी नळी, लांबच लांब, सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारी नळी, त्याहून लांब. लांब दांड्याच्या टोकाला थोडं जरी ओढलं तरी मुळाशी केवढा जोर येतो बघा. शिवाय चाकं छोटी, २० इंची म्हणतात त्यातल्या बऱ्याच सायकलींची रिम ४०६ मिलिमीटरची, मोठ्या रोड सायकलची ६२२, त्यामुळे जो खड्डा मोठं चाक सहज ओलांडतं त्यात छोटं चाक जास्त आत उतरतं आणि तो दणका सरळ जॉइंटवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपले जॉइंट रोज उघडतात. घरून उघडली, स्टेशनला मिटली, उतरून उघडली, ऑफिसात मिटली, येताना परत तेच, म्हणजे दिवसाला चार वेळा मिटणं. कामाचे २५० दिवस धरले तर वर्षाला १००० वेळा बिजागरीची आतली बाजू उघड्यावर येते, डब्यातली धूळ, पँटचे धागे, टेबलाखालचा केर सगळं तिला चिकटतं आणि आपण त्यावर कडी लावून टाकतो.

आता शोधायचं कसं. कानावर विश्वास ठेवू नका, हे मी ठोकर खाऊन सांगते आहे. नळी पोकळ असते, हँडलच्या बुडाचा आवाज सीटखालून आल्यासारखा वाटतो आणि पॅडलचा आवाज बिजागरीतून. त्यापेक्षा एकेक गोष्ट बाजूला काढत जा. रिकामा रस्ता बघा आणि आधी उभं राहून पॅडल मारा, बूड सीटवरून उचललेलं. आवाज गेला तर सीट, सीटचा क्लॅम्प नाहीतर सीटपोस्ट. राहिला तर पॅडल मारणं बंद करून नुसतं सोडून द्या आणि हँडल थोडं डावं-उजवं ओढा-ढकला, पॅडल न मारताही आवाज येत असेल तर हँडलपोस्ट. नंतर बसून पॅडल मारा पण हँडलवर हात नुसते टेकवून, ओढायचं नाही. अशाने आवाज कमी झाला तरी बोट हँडलपोस्टकडेच जातं, कारण चढावर आपण पायाने दाबतो तेव्हा नकळत हाताने हँडल ओढत असतो आणि म्हणून आवाज पॅडलच्या तालात येतो. मी फसले ती इथेच. तालात येतोय म्हणजे खालचाच असणार, हे मी इतकं ठाम धरून बसले होते की वर बघितलंच नाही.

तालाची गंमत अजून एक आहे. पुढे ५२ दात आणि मागे १३ दात असं गिअर असेल तर पॅडलच्या एका फेरीत चाक बरोबर ४ वेळा फिरतं. म्हणजे आवाज पॅडलच्या फेरीला एकदाच येत असेल तर पॅडल, क्रँक (पॅडलचा दांडा), बॉटम ब्रॅकेट (तो दांडा ज्यावर फिरतो ते फ्रेममधलं बेअरिंग), सीट नाहीतर हाताच्या ओढण्याने हँडल. आणि भराभर टिक टिक टिक असा येत असेल तर चाकातलं काहीतरी, बहुतेक स्पोक. स्पोकच्या जोड्या हाताने दाबत चाकाभोवती फिरा, ज्या ठिकाणी करकरेल तिथे एक थेंब तेल जिथे दोन स्पोक एकमेकांना घासतात तिथे, बास. रिमवर किंवा डिस्कवर मात्र तेल जाऊ देऊ नका, ब्रेक गेला तर आवाजाची चिंताच उरणार नाही.

अजून एक खूण जी फार उपयोगी पडते: पाऊस. पावसात भिजल्यावर आवाज एकदम बंद आणि वाळल्यावर दुप्पट जोरात, असं होत असेल तर समजा कोरडा जॉइंट आहे. पाण्याने तात्पुरतं वंगण केलं, जाताना थोडी माती आत ठेवून गेलं.

बरं, मधल्या बिजागरीकडे येऊ, कारण संशय तिच्यावरच असतो आणि तिची सफाई तर करायलाच लागते. सायकल मिटवा, बिजागरीची दोन्ही तोंडं समोर येतील अशी ठेवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर उत्तम, नाहीतर साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, आणि कडांना जुना टूथब्रश. काळं निघायचं थांबेपर्यंत पुसा. आता एक युक्ती, जिने माझं तीन महिन्यांचं कोडं अर्ध्या तासात निम्मं सोडवलं. साधा काळा मार्कर घ्या आणि एका तोंडाचा अख्खा पृष्ठभाग रंगवून टाका. वाळू द्या, बिजागरी बंद करा, खटका लावा, पुढचा ब्रेक दाबून सायकल दहा-वीस वेळा पुढे-मागे हलवा आणि उघडा. जिथे दोन्ही तोंडं खरंच टेकतात तिथला रंग घासला जातो, जिथे टेकत नाहीत तिथे तसाच राहतो.

माझ्या बिजागरीवर रंग फक्त वरच्या कडेला गेला होता, नखाएवढी चकती, आणि खाली सगळं काळं कुळकुळीत तसंच. भिंग लावून बघितलं तर त्या चकतीच्या मधोमध वाळूचा एक कण धातूत रुतून बसला होता, बाजूने खळगा पडलेला. म्हणजे तीन महिने मी गुडघा लावून जी बिजागरी दाबत होते ती त्या एका कणावर उभी होती, आणि मी जितकी दाबत होते तितका तो कण आत जात होता. लाकडी टूथपिकने काढला तो. स्क्रूड्रायव्हर, ब्लेड, पॉलिशपेपर असलं काही तिथे लावू नका, ती तोंडं मापात घासलेली असतात, आपण घरी घासली की जे चार ठिकाणी टेकत होतं ते दोन ठिकाणी टेकायला लागतं.

पुसून झाल्यावर ग्रीस. इथे लोक दोन टोकाला जातात, एक तर अजिबात नाही नाहीतर पोळीला तूप लावल्यासारखं. तोंडावर बोटाने लावा आणि मग दुसऱ्या बोटाने पुसून काढा, जे उरतं तेवढंच पाहिजे, कारण जाड थर म्हणजे धुळीला आमंत्रण. खटका जिथे अडकतो, लिव्हरचं टोक जिथे घासतं तिथे थोडं जास्त चालेल. बिजागरीच्या पिनेला ग्रीस आत जातच नाही, तिथे एक थेंब तेल वरून आणि मग पाच-सहा वेळा उघडझाप. डब्ल्यूडी-४० बद्दल विचाराल म्हणून सांगते, त्याच्या नावातच पाणी हटवणारा चाळिसावा फॉर्म्युला असा अर्थ आहे, ते गंज सोडवायला आणि पाणी घालवायला चांगलं, पण जॉइंटमधलं जुनं ग्रीस ते विरघळवून बाहेर काढतं आणि स्वतः फार टिकत नाही. फवारल्या दिवशी आवाज जातो, आठवड्याने आधीपेक्षा मोठा येतो. मीही फवारलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग लिव्हर किती टाइट पाहिजे? आधी मॅन्युअल बघा, त्यात दिलेलं असेल तर तेच खरं. खटक्याची बिजागरी असेल, म्हणजे लिव्हर दाबून बंद होतो आणि आत एक छोटा ॲडजस्ट करायचा बोल्ट किंवा नट असतो, तर साधारण हिशोब असा की लिव्हर अर्ध्या वाटेपर्यंत सहज यावा, तिथून अडकायला लागावा आणि तळहाताने नीट दाबून बंद व्हावा. सहज दोन बोटांनी बंद होत असेल तर ढिला आहे, गुडघा लागत असेल तर... माझं वाचलंतच. नट फिरवायचा तर एका वेळी आठवा हिस्सा फेरी, जास्त नाही, प्रत्येक वेळी बंद करून बघायचं. दुसऱ्या प्रकारात लिव्हर फिरवून स्क्रूने आवळतात आणि एक क्लॅम्पची पट्टी दोन्ही बाजूंना पकडते, ब्रॉम्प्टनसारख्या सायकलींना असते ती, तिथे ॲडजस्ट करायला नट नाही, हाताने नीट घट्ट करायचं आणि थांबायचं. पट्टीची आतली उतरती बाजू घासून चकचकीत झाली असेल, लिव्हर आधीपेक्षा जास्त फिरायला लागला असेल, तर पट्टी झिजली आहे. ती सुटी मिळते, बदलून टाका.

हे सगळं करून मी बाहेर पडले, छान वाटत होतं, आणि पहिल्याच चढाला कट्. तोच मोठा कट्.

तेव्हा कुठे मी वर बघितलं. एका हाताने पुढचा ब्रेक दाबून धरा आणि दुसऱ्या हाताचं बोट हँडलपोस्टच्या बुडाला, घडीच्या फटीवर आडवं ठेवा, असं की बोटाचा अर्धा भाग वरच्या भागावर आणि अर्धा खालच्यावर, आणि सायकल पुढे-मागे करा. फटीत काही हलत असेल तर डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लगेच कळतं, टिचकी मारल्यासारखं. मग तेच बोट खाली हेडसेटच्या कपावर (हेडसेट म्हणजे हँडल फ्रेममध्ये जिथे फिरतं तिथलं बेअरिंग). माझं वरचं बोट गप्प होतं आणि खालचं टिचक्या खात होतं. म्हणजे हँडलच्या घडीत खेळ नाही, त्याच्या खाली हेडसेटमध्ये आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये हँडलपोस्ट मिटवला की नळीत आत खोल एक बोल्ट दिसतो, लांब ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) लागते, साध्या गुच्छातली पोचत नाही आणि बहुतेक म्हणूनच तिथे कुणी जात नाही, मेकॅनिकसुद्धा. मी तो थोडा फिरवला, पुन्हा बोट लावून बघितलं, पुन्हा थोडा. हँडल अडखळत फिरायला लागलं की जास्त झालं, मागे या. ब्रेक दाबून हलवल्यावर खेळ नाही आणि पुढचं चाक उचलून धरल्यावर हँडल आपसूक एका बाजूला पडतंय, हे दोन्ही एकदम जमलं की बरोबर. फक्त प्रत्येक मेकची रचना वेगळी आहे, काहींत हेडसेटची सेटिंग बाहेरच्या रिंगवर असते, आतला बोल्ट नुसता पोस्ट धरून ठेवतो, तर मॅन्युअलमधलं चित्र बघितल्याशिवाय तिथे हात घालू नका. हा जॉइंट सुटला तर हँडल हातात येतं, शब्दशः.

मोठा कट् गेला, कायमचा. हँडलपोस्ट वर-खाली होणारा, दुहेरी नळीचा असेल तर आतली नळी बाहेर काढून दोन्ही पुसा, तिथेही असाच आवाज होतो.

सीटपोस्टचं मात्र उलटं आहे आणि ते लक्षात ठेवा. साध्या सायकलीच्या सीटपोस्टला ग्रीस लावा असं सगळे सांगतात आणि तिथे ते बरोबरही आहे, पण आपला पोस्ट रोज वर-खाली होतो आणि फक्त क्लॅम्पच्या पकडीवर उभा असतो, त्याला ग्रीस लावलं की ऑफिसात पोचेपर्यंत गुडघे छातीला. माझ्या मैत्रिणीने लावलं होतं, ती सांगते दर दोन सिग्नलला सीट एक इंच खाली. तिथे कोरडं आणि स्वच्छ, एवढंच. पोस्ट पूर्ण बाहेर काढा, अल्कोहोलने पुसा, मग पातळ काठीला फडकं गुंडाळून नळी आतून पुसा, काय काळं निघतं ते बघून आश्चर्य वाटेल. बऱ्याच फ्रेममध्ये आत प्लास्टिकची बाही असते, ती झिजली की पोस्ट घसरतो पण आणि कुरकुरतो पण, मग आवळून काही होत नाही, बाही बदलायची. एवढं करूनही घसरत असेल तर कार्बनच्या पोस्टसाठी मिळते ती दाणेदार पेस्ट अगदी थोडी लावून बघा. आणि पोस्टवर कमीत कमी किती आत पाहिजे त्याची रेघ असते, ती रेघ बाहेर दिसेल इतका पोस्ट वर ओढून चालवलीत तर आवाज नळी फाटायच्या आधीचा असू शकतो.

सीट जिथे पोस्टला बसते तो क्लॅम्प आणि सीटखालच्या दोन दांड्या, तिथे एक थेंब तेल, पाच मिनिटांचं काम. पॅडल मिटणारे असतील तर प्लास्टिकचा खटका कुरकुरतोच थोडा, तो आवाज वेगळा असतो, कुई कुई, त्याने काही बिघडत नाही. पण पॅडल एकदा काढून आटे पुसून ग्रीस लावून परत बसवा, कितीतरी लोकांचा बॉटम ब्रॅकेट गेला म्हणून बदललेला असतो आणि दोष पॅडलच्या कोरड्या आट्यांचा निघतो. डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो, आणि बसवताना ३५ ते ४० न्यूटन-मीटरपर्यंत (हे आवळायच्या जोराचं माप) आवळायचं, म्हणजे लांब पान्याने चांगलं जोर देऊन. उलट छोटे ५ मिलिमीटरचे बोल्ट ५-६ न्यूटन-मीटरलाच थांबवायचे, तिथे ताकद दाखवली की आटे जातात. बॉटम ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. क्रँक धरून आत-बाहेर हलवा, खेळ असेल तरच तिकडे वळा.

पुन्हा होऊ नये म्हणून मी आता एकच करते. सीटखालच्या छोट्या पिशवीत सुती फडक्याचा तुकडा असतो, सायकल उघडताना कडी लावायच्या आधी बिजागरीच्या दोन्ही तोंडांवरून एकदा फिरवते. तीन सेकंद. मिटवताना नाही, उघडताना, कारण केर मिटलेली असतानाच बसतो. ग्रीस महिन्याने, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. आठ महिने झाले, लिव्हरचा नट मी एकदाही फिरवलेला नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका. बिजागरी पुसून झाली की तिच्या दोन्ही बाजूंचे वेल्डिंग आणि खटक्याचा भाग मोबाइलच्या टॉर्चने तिरक्या उजेडात बघा. केसासारखी रेघ दिसली, किंवा रंगाला एका सरळ रेषेत तडा दिसला, तर नखाने खरवडून बघा, नख अडलं तर ती सायकल त्या क्षणापासून चालवायची नाही, घराच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. अॅल्युमिनियम बराच काळ काही दाखवत नाही आणि मग एकदम जातं. वजनाची मर्यादाही बघून घ्या, अनेक फोल्डिंग मॉडेलची १०५ ते ११० किलोच्या आसपास असते आणि त्यात पाठीवरची लॅपटॉपची बॅग पण आली.

आणि हे सगळं करून, तोंडं स्वच्छ, खटका बरोबर, तरीही मिटवताना-उघडताना अर्धवट उघडी सायकल वर-खाली हलवली की बिजागरीतच खेळ जाणवत असेल, तर पिन किंवा तिचं भोक झिजलंय. ते घरी करायचं काम नाही, भोक रीमरने मापात मोठं करून पुढच्या मापाची पिन घालावी लागते, ज्याच्याकडे त्या मेकची हत्यारं आहेत त्याच्याकडेच द्या. तिथपर्यंत नेताना चालवत नेऊ नका, मिटवून न्या, फोल्डिंग आहे ना.